चहा सोडायचा नाही, सरकवायचा : नववीच्या विज्ञान प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, ३० जून २०२५

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीने विषय निवडला : चहाचे आरोग्यदायी फायदे. हात वर करून मतदान झालं, गांडूळखत आणि सौर कुकर दोन्ही मागे पडले. मला हा विषय मनापासून आवडला. गांडूळखताचा खड्डा चार घरांत असेल, चहाचं पातेलं मात्र प्रत्येक घरात दिवसातून दोनदा तरी चुलीवर चढतं. त्यामुळे जे शिकू ते त्याच दिवशी घरी पोचेल.

मुलांनी दुपारच्या सुट्टीत मोबाईलवरून यादी उतरवून आणली. वजन घटतं, केस गळायचे थांबतात, मधुमेह बरा होतो, कर्करोग होत नाही, बुद्धी तल्लख होते. एकूण तेवीस फायदे. मी सगळे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, हे कुणी पाहिलं, किती माणसांवर पाहिलं, आणि त्या माणसांना कोणता चहा दिला होता? वर्ग गप्प. यादी पुसली नाही, वहीत उतरवून घेतली. एकेक मुद्दा तपासायचा, टिकेल तो ठेवायचा.

आज सोमवार, म्हणजे शाळेत दर आठवड्याला वाटल्या जाणाऱ्या, रक्तक्षय टाळण्यासाठीच्या लोहाच्या निळ्या गोळीचा दिवस. डबा खाल्ल्यावर वर्गातच घ्यायची असते. वाटप झाल्यावर एका मुलीच्या कंपासपेटीत तीन गोळ्या दिसल्या. रागावले नाही, बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, "बाई, इथं घेतली की मळमळतं. घरी संध्याकाळी चहाबरोबर घेते, आजी म्हणते चहाबरोबर काही होत नाही." आणखी दोघींनी माना डोलावल्या. त्याही तसंच करतात.

आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे, मळमळ कमी होत असेल. पण चहाबरोबर त्या गोळीचं काय होतं, ते मुलींना सांगून उपयोग नाही, दिसायला हवं. प्रकल्प इथूनच सुरू करायचा.

गुरुवार, ३ जुलै

आज नुसती तयारी. मुलांना आधी झाड दाखवलं, म्हणजे चित्रात. हिरवा चहा वेगळ्या झाडाचा आणि आपला काळा चहा वेगळ्या झाडाचा, असं निम्म्या वर्गाला वाटत होतं. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडल्यावर लगेच वाफवलं किंवा भाजलं की हिरवा राहतो. चुरगळून हवेत ठेवलं की आतली कॅटेचिन्स नावाची तुरट द्रव्यं ऑक्सिजनशी संयोग पावून थिआफ्लेविन्स, थिआरुबिजिन्स ही रंगद्रव्यं तयार होतात आणि तो तांबूस-काळा होतो. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, तसंच काहीसं. आपल्या डब्यातली दाणेदार पूड सीटीसी पद्धतीची, पान चिरडून, फाडून, वळवून केलेली. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली. दाणा बारीक असल्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून दुधाच्या चहाला तीच लागते.

गवती चहा हा चहाच नाही, ते गवत आहे आणि त्यात कॅफीन नसतं, हे ऐकून मागच्या बाकावर बरीच चर्चा झाली. परसात गवती चहाचा ठोंब असलेल्या मुलाला हे पटायला वेळ लागला.

शनिवार, ५ जुलै

सकाळची शाळा. साडेदहानंतर प्रयोगशाळा आमचीच.

निळ्या गोळीवरचं रंगीत आवरण आधी ओल्या फडक्याने पुसून काढलं, नाहीतर त्या रंगाने घोटाळा होईल. आतली गोळी खलबत्त्यात कुटली, कोमट पाण्यात ढवळली, गाळून चार परीक्षानळ्यांत ओतली. फिकट, किंचित हिरवट पाणी. पहिल्या नळीत नुसतं पाणी घातलं, दुसरीत कोरा चहा, तिसरीत कोरा चहा आणि लिंबाचा रस, चौथीत गवती चहाचा काढा.

दुसऱ्या नळीत चहा पडला तसा रंग तपकिरीवरून करड्यावर गेला, पाच मिनिटांत शाईसारखा झाला. पुढच्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली. "बाई, लोखंडी कढईत आवळा केल्यावर असाच काळा पडतो!" मला हेच हवं होतं. आवळ्यातली तुरट द्रव्यं आणि कढईतलं लोह, इथे चहातली तुरट द्रव्यं आणि गोळीतलं लोह. रंगारी पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून कापडाला काळा रंग द्यायचे, त्यात हीच क्रिया. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. तासाभराने नळीच्या तळाशी काळा गाळ बसला. मी नळी तिरकी करून दाखवली. गाळ जड, वर पाणी. असं बांधलं गेलेलं लोह आतड्याला सहज शोषून घेता येत नाही.

लिंबाच्या नळीत चहा फिका पिवळसर झाला होता आणि काळेपणा अगदीच थोडा. पोटात जे घडतं ते नळीतल्यासारखं हुबेहूब नसतं, हे मुलांना सांगितलं. पण दिशा तीच. जेवणात क जीवनसत्त्व असलं की लोह जास्त शोषलं जातं, हे माणसांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

१९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिला, तेव्हा लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. दूध घातल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. हे महत्त्वाचं, कारण घरोघर एकच उत्तर येणार आहे : "आमचा तर दुधाचा असतो."

चौथ्या नळीवर आज काही लिहीत नाही. रंग बदलला, पण कमी; नीट मोजायचं साधन आमच्याकडे नाही.

सोमवार, ७ जुलै

काल आषाढी, निम्म्या वर्गाचा उपवास झाला. आज सगळ्यांना एकच प्रश्न : सकाळी शाळेत येण्याआधी काय खाल्लं? बहुतेकांचं उत्तर चहा-चपाती. काहींचं चहा-खारी, दोघांचं नुसता चहा. म्हणजे आमच्या मुलांची न्याहारीच चहात बुडवलेली आहे. मी पण तीच खाऊन वाढले, रात्रीची चपाती चहात मोडून. चव अजून जिभेवर आहे, त्यामुळे मुलांना ती वाईट आहे असं म्हणवत नाही.

पण हिशेब मांडावाच लागला. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२०चे आकडे सांगतात. आमच्याकडे मांस रोज कुणाच्या ताटात नाही. बाजरी, मटकी, हरभरा, मेथी, शेपू, यांतूनच ते यायचं. धान्य-भाजीतलं लोह मुळातच शरीराला कमी लागू पडतं, आणि चहा अडवतो तो नेमकं हेच लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याला कारणं अनेक आहेत : कमी खाणं, जंत, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं. सगळा दोष चहाच्या माथी मारला तर ते खोटं होईल. पण घरच्या घरी फुकटात बदलता येण्यासारखी एक गोष्ट आहे, चहाची वेळ.

घरी आल्यावर आत्यांच्या (सासूबाईंच्या) गोळ्यांची पट्टी बघितली. चैत्रापासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत, हिमोग्लोबिन ८.६वर अडलेलं. विचारलं कधी घेता. म्हणाल्या, "पहाटच्या चहासंगं. रिकाम्यापोटी कशी घेऊ?" मी स्वतः विज्ञान शिकवते, रोज पहाटे तो चहा मीच करते, आणि तीन महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. दवाखान्यात गोळ्या दिल्या, दिवसातून एक घ्या म्हणाले; कशाबरोबर घ्यायची नाही हे कुणी बोललं नाही. मला याचा राग आला आणि वाईट जास्त वाटलं. उद्यापासून गोळी दुपारी जेवल्यावर, पेल्यात अर्धं लिंबू पिळून. चहा पहाटे आणि चार वाजता.

शनिवार, १२ जुलै

यादीतले फायदे तपासायला घेतले. आज हृदयाचे.

ब्रिटनमधली एक मोठी पाहणी आहे, सुमारे ४ लाख ९८ हजार माणसं, अकरा वर्षांहून जास्त काळ माग ठेवला, २०२२मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यातले बहुतेक जण काळाच चहा पिणारे. दिवसाला दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका चहा न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला, दूध घालणाऱ्यांतही. जपानच्या मियागी प्रांतातल्या ४०,५३० लोकांच्या पाहणीत (२००६) हिरव्या चहाचे पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांचे मृत्यू एक कपही न पिणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी होते. ऑस्ट्रेलियात ९५ जणांना सहा महिने रोज तीन कप काळा चहा दिला, तर वरचा रक्तदाब सरासरी दोन-तीन अंकांनी उतरला.

मुलं खूश झाली. एकाने लगेच फलकावर लिहायला घेतलं : चहा प्या, आयुष्य वाढवा. त्याला थांबवलं. पाहणीत दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. छत्र्या जास्त दिसतात तेव्हा पाऊस असतो, पण छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. ऑस्ट्रेलियातला प्रयोग त्या दृष्टीने भक्कम, कारण तिथे चहा मुद्दाम देऊन पाहिला. फरक लहान, पण खरा.

मग दुधाचा प्रश्न. बर्लिनमध्ये २००७ साली सोळा स्त्रियांवर प्रयोग झाला. कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावल्या, दूध घातल्यावर तो परिणाम नाहीसा झाला, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या द्रव्यांना धरून ठेवतं. ब्रिटनची पाहणी मात्र दुधाने फरक पडला नाही म्हणते. दोन्ही मुलांपुढे ठेवले. आमच्या घरातल्या चहात निम्मं दूध, इंग्रजाच्या चहात एक पळी; त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, इथवर वर्ग आपणहून आला. त्या क्षणी मला वाटलं, प्रदर्शनात बक्षीस मिळो न मिळो, काम झालं.

यादीतून आज "मधुमेह बरा होतो" आणि "कर्करोग होत नाही" हे दोन्ही खोडले. बरा होतो, होत नाही, असं म्हणण्याइतका पुरावा कुठेच नाही. ज्यांच्या घरी खरंच असा रुग्ण आहे, त्यांनी फलक वाचून औषध सोडलं तर?

शनिवार, १९ जुलै

आज तापमान. प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर, स्टोव्ह, पातेलं, कप, बशी, स्टीलचा पेला.

आमचं गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच, त्यामुळे आधण शंभराला न येता ९७-९८लाच आलं. मुलांना याचंच अप्रूप वाटलं, चहा बाजूला राहिला आणि अर्धा तास हवेच्या दाबावर गेला. जाऊ दे, तोही अभ्यासच.

गाळलेला चहा कपात ८१ अंश. पाच मिनिटांनी ६९. पेल्यात उतार आणखी सावकाश. मग एका मुलाने कपातून बशीत ओतला. ओतताच ६६, एका मिनिटाने ६०, दोन मिनिटांनी ५४. आकडे मी मोठ्याने वाचत होते आणि वर्गात कुजबूज वाढत होती, कारण बशीत ओतून भुरके मारत पिणारी आजी-आजोबा प्रत्येकाच्या घरी आहेत, आणि शहरातून आलेले काका-मामा त्यांना हसतात.

२०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांहून गरम पेयं "बहुधा कर्करोगकारक" या गटात घातली. पेय कोणतं यापेक्षा ते किती गरम, हा मुद्दा. वारंवार भाजल्याने अन्ननलिकेचं अस्तर दुखावतं. इराणच्या गोलेस्तान प्रांतात अन्ननलिकेचा कर्करोग फार, आणि तिथे कोरा चहा कढत पिण्याची रीत. तिथल्या ५०,०४५ लोकांचा अभ्यास २०१९ला प्रसिद्ध झाला. दिवसाला ७०० मिलिलिटर किंवा जास्त चहा ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांत हा धोका, कमी आणि निववून पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्क्यांनी जास्त दिसला. तिथल्या संशोधकांनी लोकांना नुसतं "गरम पिता का" असं विचारलं नाही. समोर चहा ओतून, थर्मामीटर लावून, कितीवर घोट घेता ते पाहिलं. आम्हीही तसंच केलं. शाळेतले शिपाई मामा पहिला घोट ७२ला घेतात. त्यांनी स्वतः थर्मामीटर हातात घेऊन पुन्हा बघितला आणि कप खाली ठेवला.

घरी आत्यांना सांगितलं, तुमची बशी बरोबर आहे. त्या म्हणाल्या, "मग मला कशाला सारखं कपानं प्या म्हणतीस पाव्हण्यांपुढं?" यापुढे म्हणणार नाही.

बुधवार, २३ जुलै

साखर. घरून प्रत्येकाने चहाचा चमचा आणला, शिगोशीग भरून वजनकाट्यावर ठेवला. पाच ग्रॅमपासून आठ ग्रॅमपर्यंत, चमच्याच्या आकारावर. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. दोन चमच्यांचे तीन कप म्हणजे चहातच ती ओलांडली. गुळाचा चहा करतो म्हणून सुटका नाही, गूळही साखरच. दातांना चहातली द्रव्यं आणि फ्लोराइड थोडी मदत करतात, पण साखरेने ती मदत वाया जाते. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, फलकावर आठ ग्रॅम साखरेची पुडी नुसती चिकटवायची.

भेसळही बघून टाकली. टीपकागदावर पूड पसरायची, पाणी शिंपडून कागद ओला करायचा, मग तो नळाखाली धुऊन डाग बघायचे, ही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुचवलेली घरगुती परीक्षा. शुद्ध पूड डाग ठेवत नाही. बाजारातून आणलेल्या सुट्या पुड्यांपैकी एकीने लालभडक ठिपके सोडले. मुलांनी घरी सांगितलं, आणखी काय करता येईल ते मुख्याध्यापकांशी बोलते.

शनिवार, २ ऑगस्ट

पालकसभा. आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, मुद्दाम बोलावलं होतं. मुलांनी चार नळ्यांचा प्रयोग आयांसमोर करून दाखवला. काळी नळी हातोहात फिरली. एकीने ती उजेडाला धरून बराच वेळ पाहिली, मग पुढच्या बाईकडे दिली.

मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यांत एका आईने अडवलं. भांगलणीला जाणारी बाई, माझ्याच वयाची. म्हणाली, "बाई, चहा सोडा म्हणू नका. आमची सकाळ त्याच्यावर निघती. चहानं भूक मरती, मग बारापतूर वाकून काम हुतं."

मी तयार केलेलं भाषण घडी घालून ठेवलं. तिचं म्हणणं त्या भाषणापेक्षा मोठं होतं. चहात कॅफीन आहे, थिअनिन नावाचं अमिनो आम्ल आहे. दोघांनी मिळून लक्ष लागतं, थकवा जाणवत नाही, हा चहाचा सगळ्यात खरा फायदा. पण त्या बाईला तो फायदा न्याहारीच्या जागी वापरावा लागतो. भूक मेलेली नसते, झाकलेली असते. रानात चहा मिळतो दहाला आणि चारला, मालकाकडून. भाकरी मिळते बाराला, स्वतःची. तिला फायदे-तोटे सांगणारी मी कोण?

मग उलटं विचारलं, दहाचा आणि चारचा चहा तसाच ठेवला, फक्त जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर घेतला नाही, तर जमेल? म्हणाली, "रानातला तर आपसूकच तसा हाय. घरचाच तेवढा भाकरीसंगं." आणि भाकरीबरोबर काय घ्यायचं? आशाताई म्हणाल्या, कैरी असेल तेव्हा कैरी, नाहीतर लिंबू, चिंचेचं सार, कच्चा टोमॅटो. 

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४च्या आहारमार्गदर्शिकेतही हेच आहे : जेवणाच्या निदान तासभर आधी आणि तासभर नंतर चहा-कॉफी टाळा. दिवसाला कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. गरोदर बाईने त्याहूनही कमी ठेवावं, हे आशाताईंनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. मी सांगितलं असतं तर इतकं ऐकलं नसतं.

जाताना आणखी एक चांगली गोष्ट निघाली. एक आजी म्हणाल्या, पटकीच्या साथीत त्यांच्या सासूने सगळ्यांना फक्त चहा पाजला होता, साधं पाणी नाही. त्यात तथ्य आहे, चहा म्हणजे उकळलेलं पाणी. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा आजही रानात चहा हेच सुरक्षित पेय असतं. आणि चहाने अंगातलं पाणी जातं हा समज खरा नाही. नेहमी पिणाऱ्याला चहातून पाणी मिळतंच. तेवीस फायद्यांच्या यादीत हे दोन्ही नव्हते. आज आजीच्या नावाने लिहून घेतले, म्हणजे "गावातल्या एका आजीकडून" असं.

प्रकल्पाचं नाव सभेतच बदललं. ती भांगलणीची बाई म्हणाली, "म्हंजी सोडायचा न्हाई, सरकवायचा." मुलांनी तेच घेतलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

सभेनंतरच्या नऊ दिवसांत बदल किती, हे बघायचं होतं. गोळी वर्गात घेतली जाते का? आज जेवणानंतर डब्यातल्या लिंबाच्या फोडीबरोबर बहुतेकींनी घेतली. कंपासपेटीवाली मुलगीही. पंधरा मिनिटांनी विचारलं, मळमळतं का? "थोडं." मग पुढच्या वेळी आधी पोटभर जेव, अर्ध्या डब्यावर घेऊ नकोस, एवढं सांगितलं. मळमळ खरी आहे, ती नाकारून चालणार नाही.

चहा-चपाती मात्र हलत नाही. सकाळी सहाला शेतावर जाणाऱ्या आईकडे चपातीबरोबर भाजी करायला वेळ कुठून येणार? दोन मुलींनी मार्ग काढला : चपाती रात्रीच्या मटकीबरोबर खायची, चहा शाळेतून आल्यावर. एका मुलाने चहाऐवजी दूध सुरू केलं, त्यांच्याकडे म्हैस आहे. म्हैस नसलेल्यांचं काय, ते अजून सुटलेलं नाही.

रात्री जागून अभ्यास करणाऱ्या दहावीच्या दोघांनी आमच्या वर्गात येऊन विचारलं, चहाने जागायला होतं ते चांगलं की वाईट? शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. नऊच्या चहातलं निम्मं रात्री दोनलाही अंगात असतं. चहा चारच्या आत घ्या आणि दहाला झोपा, पहाटे उठा, असं सांगितलं. त्यांचे चेहरे पडले, पण विचारायला आले होते हे मला फार आवडलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

आत्यांचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन १०.३. सात आठवडे झाले असतील गोळीची वेळ बदलून. संध्याकाळी त्यांना कागद वाचून दाखवला तर म्हणाल्या, जिना चढताना धाप लागत नाही हे मला कागदाआधी कळलंय.

हा आकडा फलकावर लावायचा नाही असं मुलांना सांगितलं. एका माणसाचं झालं, तेही मधल्या काळात जंताची गोळी झाली आहे आणि जेवणही सुधारलं आहे. कशाने किती वाढलं ते वेगळं काढता येणार नाही. मुलं हिरमुसली, त्यांना आत्या माहीत आहेत. पण छत्री-पावसाचा नियम आपल्या घरालाही लागू व्हायला हवा.

फलक आता असा आहे. डावीकडे चार नळ्या, मधे कप-बशी आणि थर्मामीटर, उजवीकडे साखरेची पुडी. वरच्या यादीत सहा मुद्दे आहेत, तेवीसपैकी उरलेले चार आणि आजीचे दोन : तरतरी आणि लक्ष, हृदयाला थोडी मदत, रक्तदाबात थोडा उतार, दातांना मदत (साखर नसेल तर), उकळलेलं पाणी, आणि अंगाला पाणी. प्रत्येकापुढे किती माणसांवर पाहिलं ते लिहिलं आहे. आजीच्या मुद्द्यापुढे "एक गाव" असं. वजन आणि केस दोन्ही गेले.

सोमवार, २५ ऑगस्ट

परवा गणपती, शाळेत सजावटीची गडबड. प्रकल्पाला आज वेळ मिळणार नव्हता.

सुट्टीत कंपासपेटीवाली मुलगी आली, हातात लाल गोळ्यांची अख्खी पट्टी. तिच्या आईची, पाचवा महिना चालू आहे. "बाई, आईला कधी घ्यायची ते लिहून द्या." पट्टीच्या पाकिटावर पेनने लिहिलं : दुपारी जेवल्यावर, लिंबूपाण्याबरोबर, चहा चारला. ती वाचून म्हणाली, आईला वाचता येत नाही. मग खाली चित्र काढलं. डोक्यावरचा सूर्य आणि त्याखाली गोळी, डोंगराकडे कललेला सूर्य आणि त्याखाली कपबशी. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडून पेन मागून घेतला आणि गोळीशेजारी अर्ध्या कापलेल्या लिंबाचं चित्र स्वतः काढलं.